पीजीचा (एम.एस्सी.च्या प्रयोगाचा) प्लॉट विद्यापीठाच्या फार्मवर कशाला, शेतकऱ्याच्या रानात टाका की

काळी_माती:
अ‍ॅग्रॉनॉमीत (पीक लागवडशास्त्रात) एम.एस्सी. करून दोन वर्षं झाली, आता बोलायला हरकत नाही. थिसिस सोयाबीनवर, खताचा शिफारशीत डोस 75 टक्के, 100 टक्के, 125 टक्के आणि सोबत जिवाणू खत, आठ ट्रीटमेंट (खत द्यायचे आठ प्रकार) तीन रिप्लिकेशन (प्रत्येक प्रकार तीनदा) म्हणजे चोवीस वाफे. निष्कर्ष काय, तर 125 ला उत्पादन सगळ्यात जास्त पण 100 टक्के 'अ‍ॅट पार', म्हणजे फरक इतका कमी की दोन्ही सारखेच धरायचे. माझ्या सीनियरचा तोच निष्कर्ष, त्याच्या सीनियरचाही तोच, फक्त त्याचं पीक हरभरा होतं. आणि वाफे कुठे, तर विहिरीला लागून जी सगळ्यात सपाट भारी (खोल काळी) जमीन तिथे, निंदणी वेळेवर, पावसाने ओढ दिली की लगेच स्प्रिंकलर. बी.एस्सी.ला रावेसाठी (गावात राहून शेती शिकायचं सत्र) ज्या गावात राहिलो होतो तिथल्या काकांना थिसिस झाल्यावर भेटलो, त्यांनी विचारलं की पेरल्यावर तीन आठवडे पाऊस आलाच नाही तर तुझं ते 100 टक्के खत टाकू का निम्मंच टाकू, आणि मला उत्तर देता आलं नाही कारण माझ्या प्लॉटला तीन आठवडे कोरडं कधी गेलंच नव्हतं.
माझं मत, पीजीचा प्रत्येक प्लॉट शेतकऱ्याच्या रानात सक्तीचा करा. एका हंगामाच्या लाडावलेल्या वाफ्याला संशोधन म्हणायचं बंद करा.

वाफसा_सर:
लाडावलेला वाफा हे आवडलं, पण मुद्दा चुकतोय. तुझ्या एका हंगामावरून कुणी शिफारस देत नाही बाबा. त्याला तीन वर्षांचा डाटा लागतो, तो पूल करायचा (एकत्र करून बघायचा), मग विद्यापीठाची कमिटी, मग चारही कृषी विद्यापीठांची जॉइंट अ‍ॅग्रेस्को (संशोधन तपासणारी संयुक्त बैठक), तिथे राहुरीचा प्रस्ताव असला की अकोला, परभणी, दापोलीवाले सोलून काढतात. थिसिस हा तुला शिकवण्याचा भाग आहे. विरळणी स्वतः करायची, ठरावीक दिवसांनी उंची मोजायची, झाड उपटून वाळवून वजन घ्यायचं, हे एकदा हाताखालून गेलं की पीक कळतं. दुसरं म्हणजे चोवीस वाफ्यांतला फरक खतामुळे आला का जमिनीमुळे हे वेगळं काढायचं तर जमीन सारखी पाहिजे. शेतकऱ्याच्या एका एकरात वरच्या बांधाला मुरूम आणि खालच्या बांधाला तीन फूट काळी, तिथे 25 टक्के खताचा फरक दिसणारच नाही.

काळी_माती:
सर, दिसणार नाही हाच निष्कर्ष नाही का मग? जो फरक त्याच्या रानात दिसत नाही त्यासाठी त्याने खिशातून पैसे का घालायचे?

वाफसा_सर:
दिसत नाही आणि नाहीच, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकरी एक क्विंटल जास्त आलं तर बांधावर उभं राहून कळत नाही, आडतीवर काट्याला कळतं.

रोही_त्रस्त:
मी विदर्भातली, आणि मी शेतकऱ्याच्या रानात प्लॉट टाकलेला आहे त्यामुळे मला बोलू द्या. गाइड मॅडम चांगल्या होत्या, हो म्हणाल्या. तिसरं रिप्लिकेशन जंगलाकडच्या बाजूला होतं, फुलोऱ्यात असताना एका रात्रीत रोह्यांनी (नीलगायींनी) साफ केलं. बरं, उरलेल्या दोनात मजा बघा. एक दिवस गेले तर कंट्रोलचे वाफे, म्हणजे ज्यांना खत द्यायचंच नाही ते, एकदम हिरवेगार. काकांना विचारलं तर म्हणतात, "पोरी, ते पिवळं पडून राहिलं होतं, पाहवलं नाही म्हणून मूठभर युरिया फेकला." आता त्यांना काय बोलणार! माणूस आपल्या रानात उपाशी पीक ठेवू शकत नाही. माझं एक वर्ष गेलं, पुढच्या खरिपात गपचूप फार्मवर वाफे पाडले. सक्ती करा म्हणणाऱ्यांनी हे पण सांगावं की मुलीने 40 किलोमीटर रोज कुठल्या एसटीने जायचं आणि पेट्रोलचे पैसे कुणी द्यायचे.

तिसरा_अटेम्प्ट:
प्लॉट फार्मवर असो का रानात, जातंय कोण? आमच्या बॅचचे निम्मे पेरणीला आणि काढणीला दिसायचे, मधले सगळे दिवस स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत. मी पण त्यातलाच, लपवत नाही. रीडिंग मजूर मामा घ्यायचे 😅

मालदांडी_प्रेमी:
आमच्या सोलापूरकडे बघा. मालदांडी 35-1 ही ज्वारी म्हणजे मोहोळला निवडून काढलेला वाण, स्वातंत्र्याच्या आधीची, त्यानंतर विद्यापीठांनी किती वाण काढले आणि तरी लोक मालदांडीच मागतात. कारण भाकरी आणि कडबा. प्लॉटवर दाण्याचं वजन होतं, भाकरी दुसऱ्या दिवशी मऊ राहते का ते घरातली बाई सांगणार, जनावर कडबा टाकून देतं का ते गोठ्यात कळणार. काळी_माती बरोबर बोलतोय.

वाफसा_सर:
दादा, कडब्याचं वजनही होतं आणि भाकरीची चवही बघतात, ते राहू द्या. पण तुमच्याच ज्वारीचं घ्या. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा नाहीतर फुले यशोदा, हे जमिनीच्या खोलीवर वाण ठरवणं आलं कुठून? वर्षानुवर्षं वाफे पाडूनच ना. मालदांडी मध्यम जमिनीला आजही चालतेच, नाही कोण म्हणतंय, पण फूटभर मातीत ती आणि अनुराधा शेजारी शेजारी पेरून बघा.

काळी_माती:
सर, हे तर माझ्याच बाजूचं झालं! फार्मवर नुसती भारी जमीन धरून बसले असते तर खोलीचा मुद्दा सुचलाच नसता, कुणीतरी बाहेरची हलकी रानं बघितली म्हणून सुचला. आणि पीक कापणी प्रयोगाचं काय? पानसे आणि सुखात्म्यांनी 1940 च्या दशकात चिठ्ठी टाकल्यासारखी शेतं निवडून तिथलं पीक कापून उत्पादनाचा अंदाज काढायची पद्धत बसवली, आजही विम्याचे पैसे बऱ्याच अंशी त्याच प्रयोगांवरून ठरतात. संख्याशास्त्राची माणसंच रानात गेली होती की.

वाफसा_सर:
ते जिल्ह्यात किती पिकलं हे मोजायला गेले. तू कशामुळे पिकलं हे शोधायला निघालायस. गल्लत करू नकोस. अकोल्याला ज्वारी-गव्हाचा दीर्घकालीन खत प्रयोग 1988 पासून त्याच वाफ्यांत चालूय, काही वाफ्यांना तेव्हापासून खताचा दाणा नाही. कुठला शेतकरी एवढी वर्षं रान उपाशी ठेवेल, वर त्या ताई सांगतायत तसे दुसऱ्या महिन्यात युरिया फेकून मोकळे होतील.

कंपनीवाला:
मी खाजगी बियाणे कंपनीत ब्रीडिंगला आहे. आम्ही एकच हायब्रीड कितीतरी ठिकाणी लावतो, जमिनीचं भाडं देतो, पीक गेलं तर भरपाई देतो, म्हणून शेतकरी सांगितलं तसं करतो. फुकटात रान मागून वर शिस्त पण मागायची हे जमत नाही. पण एक सांगतो, जे विकता येत नाही ते आम्ही शोधणार नाही. सोयाबीनचं घरचं बी तीन वर्षं वापरता येतं, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघा, 70 च्या वर उगवले तर पेरा, हे सांगून आमच्या कंपनीला काय मिळणार? खत कमी कसं करायचं हेही कुठली खत कंपनी सांगणार नाही. ते विद्यापीठानेच करायचं, आणि नेमका तोच प्रयोग तुम्ही कंटाळवाणा म्हणून बंद करायला निघालात. (पगार मात्र आमच्याकडे बरा आहे, तिसरा_अटेम्प्ट, सीव्ही पाठव.)

काळी_माती:
कंटाळवाणा नाही म्हणत, एकाच जागी म्हणतोय. बरं, सक्ती शब्द मागे घेतो, रोही_त्रस्त ताईंचं वाचून. निम्मं निम्मं करा. फार्मवर चोवीस वाफे राहू देत, आणि त्यातल्या दोनच ट्रीटमेंट, मोठ्या पट्ट्यात, पाच-सहा शेतकऱ्यांकडे. प्रत्येक शेतकरी म्हणजे एक रिप्लिकेशन. एकाकडे रोही आले तरी बाकीचे उरतील.

वाफसा_सर:
याला मी ना म्हणणार नाही. पण माझ्याकडे चार कोर्स, रावेची बॅच आणि एनएसएस आहे, त्यात मी सहा गावं कधी फिरणार ते पण सुचव. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा म्हणून वेगळा धागा काढतो.

बांधावरचा:
सगळं वाचलं. शेतकरी शेतकरी करताय पण विचारलं कुणीच नाही. माझं 20 गुंठे घ्या, भाडं नको. पण पेरणी वाफसा (पेरणीजोगी ओल) आला त्या दिवशी होणार, गाइड साहेबांची सही यायची वाट बघणार नाही. आणि युरिया मी टाकणार नाही, आमच्या आईचं सांगता येत नाही.

काळी_माती:
दादा गाव कुठलं, जमीन किती खोल?

बांधावरचा:
मेसेज टाकलाय बघा. दीड फुटावर मुरूम लागतो.