आर्थर सॅकलर यांचं नाव संग्रहालयावर राहू द्यावं का?

रंगरेषा
आर्थर सॅकलर यांचं नाव आपल्या कला संग्रहालयावरून काढायचं नाही, असं हार्वर्ड विद्यापीठाने २०२४ मध्ये ठरवलं. मला ते पटलं. आर्थर १९८७ मध्ये वारले. ज्या ऑक्सिकॉन्टिनने, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळीने, अमेरिकेत घरंच्या घरं उद्ध्वस्त केली, ते बाजारात आलं १९९६ मध्ये. ही गोळी बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीतला त्यांचा हिस्सा तोवर धाकट्या भावांनी, मॉर्टिमर आणि रेमंड यांनी, विकत घेतला होता. त्या गोळीचा एक डॉलरही आर्थर यांनी जमवलेल्या चिनी कांस्यपात्रांना लागलेला नाही. भावांच्या आणि पुतण्याच्या पापासाठी थोरल्या काकाचं नाव का खोडायचं?

औषधवाली
तारखा बरोबर आहेत. पण धंद्याची रीत कुणी घालून दिली? पेशाने मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या आर्थर यांनी पैसा कमावला औषधांच्या जाहिरातींत. पेशंटला नाही, थेट डॉक्टरला गाठायचं, हे त्यांचं तंत्र. १९५० च्या दशकात सिग्मामायसिन या अँटिबायोटिकच्या जाहिरातीत त्यांच्या एजन्सीने डॉक्टरांची व्हिजिटिंग कार्डं छापली आणि ते डॉक्टर अस्तित्वातच नव्हते! पुढे व्हॅलियम या मन शांत करणाऱ्या गोळीचा खप वाढवला तोही त्यांनीच. पर्ड्यूने तेच तंत्र वापरून, ऑक्सिकॉन्टिनचं व्यसन सहसा लागत नाही, असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ मध्ये कंपनीने कोर्टात गुन्हा कबूल केला. न्यू जर्सीत औषधांच्या काउंटरवर उभं राहून मी त्या गोळीपायी खंगत गेलेली माणसं पाहिली आहेत. मला ही दोन प्रकरणं वेगळी करता येत नाहीत.

रंगरेषा
ते तंत्र सगळ्याच कंपन्यांनी उचललं. दोष एकाच्याच माथी का?

भित्तिचित्र
न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कला संग्रहालयातलं, म्हणजे मेटमधलं, सॅकलर दालन तिन्ही भावांनी मिळून दिलेलं, १९७८ चं. तिथे थोरल्याला वेगळं कसं काढणार? स्वतः या गोळीच्या व्यसनातून बाहेर आलेल्या छायाचित्रकार नॅन गोल्डिन यांनी २०१८ मध्ये तिथेच, डेंडूरच्या प्राचीन इजिप्शियन मंदिरासमोरच्या पाण्यात, निषेध म्हणून गोळ्यांच्या बाटल्या फेकल्या. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने २०१९ मध्ये नाव उतरवलं, मेटने २०२१ मध्ये. मूर्ती, पात्रं, चित्रं परत करा असं कुणीच म्हणत नाही. लोकांना ती बघता येताहेत, मग दान वाया गेलं कुठे?

रंगरेषा
मेटबद्दल मान्य. हार्वर्डबद्दल नाही. ती १९८५ ची इमारत एकट्या आर्थर यांच्या नावाची आहे. त्यांची मुलगी एलिझाबेथ तर उघडपणे गोल्डिन यांच्या बाजूने उभी राहिली.

औषधवाली
एलिझाबेथ यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण वडिलांचा हिशेब मुलीच्या चांगुलपणाने फिटत नाही. नाव ठेवायचंच असेल तर दारातल्या फलकावर सिग्मामायसिन आणि व्हॅलियमही लिहा. त्या इमारतीत तो पैसा आहे.