डायलिसिसला लावलं की थंडी वाजून ताप, मानेच्या कॅथेटरमुळे असेल का?

पारोळ्याचा भाऊ
नमस्कार मंडळी. आमचे आबा, वय ६२, शुगर जुनी, आता किडन्या गेल्या. मानेत उजवीकडे टेम्पररी कॅथेटर टाकलंय, महिना होऊन गेला, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. काल मशीनला लावल्यावर तासाभरात अशी हुडहुडी भरली की दोन चादरी टाकल्या तरी थांबेना, मग ताप, आणि घरी येईपर्यंत उतरला पण. गावातले डॉक्टर म्हणे व्हायरल आहे, सलाईन लावतो, हाताला नस सापडत नाही तर या मानेच्या नळीतूनच लावू का. मी नको म्हटलं. बाहेरून लाली नाही, पू नाही. घामाने ड्रेसिंग मात्र सारखी सुटते, आणि आबांना गळ्यात रुमाल टाकल्याशिवाय चालत नाही, शेतातला माणूस. पुढची डायलिसिस परवा आहे, तोवर थांबलो तर चालेल ना?

सिस्टर धुळे
दादा, परवापर्यंत थांबू नका, आजच सेंटरला फोन करून आबांना घेऊन जा. मी डायलिसिस युनिटलाच आहे. मशीन चालू झाल्यावर थंडी वाजून येणं आणि नंतर उतरणं, हे व्हायरलपेक्षा कॅथेटरच्या इन्फेक्शनसारखंच जास्त वाटतं, कारण जंतू नळीच्या आत बसलेले असतात आणि रक्त फिरायला लागलं की तेच अंगात जातात. म्हणून बाहेरून जागा स्वच्छ दिसते तरी आत इन्फेक्शन असू शकतं. तिथे गेल्यावर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात कुठला जंतू उगवतो ते बघायची तपासणी, घ्या म्हणावं आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी, एकदा औषध गेलं की कल्चरमध्ये बरेचदा काही उगवत नाही आणि मग अंदाजाने उपचार चालू राहतात. यात स्टॅफ नावाचा जंतू असला तर तो हृदयाच्या झडपांपर्यंत, मणक्यापर्यंत जातो, म्हणून एवढं घाईचं सांगतेय.

आणि त्या नळीतून सलाईन नाही लावू दिलं ते फार चांगलं केलं. दोन्ही नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन भरून ठेवलेलं असतं, ते न काढता सलाईन सोडलं की सगळं एकदम अंगात जातं, आणि टोपण जितक्यांदा उघडलं तितक्यांदा जंतूंना आत जायला वाट. ती नळी फक्त डायलिसिसची, बाकी कशाचीच नाही.

शहाद्याची ताई
आमच्या यांना पण असंच झालं होतं, कॅथेटर काढावंच लागलं. भाऊ, मी एकच सांगते, तिथे उभं राहून बघत जा. टोपण उघडायच्या आधी हात धुतले का, मास्क लावला का, पेशंटला पण मास्क देतात का, आणि नळीचं तोंड स्पिरिटच्या स्वॅबने नीट घासून वाळू देतात का. सुरुवातीला बोलायला लाज वाटायची, वाटायचं सिस्टर चिडतील आणि पुढच्या वेळी आमच्याकडे बघणार नाहीत, पण प्रेमाने म्हटलं ना की ताई जरा हात धुऊन घ्या, तर कोणी रागावलं नाही. एका दवाखान्यात तर एकच ग्लोव्ह घालून दोन पेशंट जोडताना पाहिलं मी, तेव्हापासून गप्प बसत नाही.

भुसावळकर
आयसीयूत बरीच वर्षं काढली म्हणून लिहितो. वर ताईंनी लिहिलंय त्यात एकही गोष्ट छोटी नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या आयसीयूंनी फक्त पाच गोष्टी नेमाने केल्या, हात धुणं, नळी टाकताना गाऊन-मास्क आणि पेशंटवर पूर्ण चादर, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने कातडी साफ करणं, शक्यतो मांडीत नळी न टाकणं आणि गरज संपली की काढून टाकणं. २००६ ला ते छापून आलं, १८ महिन्यांत नळीमुळे होणारी रक्तातली इन्फेक्शनं ६६ टक्क्यांपर्यंत कमी झाली. नवीन मशीन नाही की महागडं औषध नाही. आपल्याकडे अडतं ते शेवटच्या गोष्टीवर, काढणं. मानेतलं टेम्पररी कॅथेटर साधारण दोन आठवड्यांसाठीच असतं भो, तुमच्याकडे महिना झाला. फिस्टुलाचं, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडायच्या ऑपरेशनचं, काही ठरलंय का नाही?

पारोळ्याचा भाऊ
काल संध्याकाळीच नेलं. कल्चर घेतलं, मग अँटिबायोटिक चालू केलं आणि आबांना ॲडमिट करून घेतलं. आज ते कॅथेटर काढतायत, नंतर दुसरीकडे पर्मकॅथ, म्हणजे जास्त दिवस चालणारं कॅथेटर, टाकू म्हणाले. फिस्टुलाचं आम्हाला कोणी बोललंच नव्हतं. आबा म्हणतात हाताचं ऑपरेशन नको, नांगर कसा धरू.

सिस्टर धुळे
बरं केलंत दादा. आबांना सांगा, फिस्टुला मनगटाजवळ छोटं ऑपरेशन असतं, बहुतेक वेळा हात बधिर करूनच होतं, धमनी आणि शीर जोडतात. पण ती शीर फुगून सुई टोचण्याजोगी व्हायला सहा ते आठ आठवडे, कधी जास्तच लागतात, म्हणून आजच सर्जनचा नंबर लावा. ते ज्या हाताने कामं करत नाहीत तो हात राखून ठेवा, त्यात आजपासून सलाईन नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टा नाही. रक्त काढायचंच असेल तर दुसऱ्या हाताच्या पंजाच्या मागून. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी हात लावून थरथर लागते का बघायचं, बंद वाटली तर त्याच दिवशी फोन. त्या हाताने जड उचलायचं नाही, नांगराचं काम कुणाला तरी द्यावं लागेल, हे खरं आहे ते आबांपासून लपवू नका. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं, फिस्टुलाचं काय ते दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा.

पर्मकॅथ आहे तोवर डोक्यावरून पाणी नाही, ओल्या फडक्याने अंग पुसायचं. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने ड्रेसिंग सुटणारच, पारदर्शक चिकटपट्टी सात दिवसांनी बदलतात आणि गॉजची दोन दिवसांनी, पण सुटली किंवा ओली झाली की तेव्हाच, वार बघायचा नाही. घरी वरून टेप मारू नका, सेंटरला या. रुमाल गळ्यात नको, घामट कापड तिथे घासतं, डोक्याला बांधू द्या.

पारोळ्याचा भाऊ
डोक्याला बांधायला तयार झाले. सर्जनची वेळ सोमवारची मिळाली.