वाचनालयातील संगणकावर मराठी टंकलेखन

प्रश्न (खानापूर): आमच्या वाचनालयातील सार्वजनिक संगणकावर कन्नड आणि इंग्रजी हेच कळफलक आहेत. मुलीचा अर्ज मराठीत लिहायचा आहे, तर मराठी कशी जोडावी?

उत्तर (निपाणी): ग्रंथपालांना विचारून भाषांच्या यादीत मराठी जोडून घ्यावी, कन्नड मात्र काढू नये, मग विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. इनस्क्रिप्ट या कळफलकाची (कोणत्या कळीवर कोणते अक्षर, याची) रचना भारतीय लिप्यांसाठी समान असल्यामुळे ज्या ‘के’ कळीवर कन्नडचा ‘क’ उमटतो, तिच्यावरच मराठीचाही उमटतो, आणि आपल्या सीमाभागात मला हे फार मोलाचे वाटते.

उत्तर (बेळगाव): उठण्यापूर्वी ईमेलमधून लॉगआउट करावे आणि डाउनलोडमधील आधारची प्रत पुसून रिसायकल बिनही रिकामे करावे, एकदा कुणाचे तरी पासबुक मला पडद्यावर तसेच उघडे दिसले होते.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. उद्याच ग्रंथपालांना भेटते.