गिझर ५० वर ठेवावा की ६० वर? (सोलापूर, बोअरचं जड पाणी)

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १५ लिटरचा, २००० वॉटचा टाकीवाला गिझर आहे. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि लहान मुलगी. गिझर आजवर ६० अंशांवर आहे. वीजबिल कमी यावं म्हणून तो ५० वर आणायचं घरात चाललंय, पण माझा निर्णय होत नाहीये.

१५ लिटर पाणी एका अंशाने तापवायला साधारण साडेसतरा वॉट-तास लागतात. टाकीतलं पाणी २५ अंशांचं धरलं तर ६० पर्यंत न्यायला ०.६१ युनिट, ५० पर्यंत ०.४४. वरवर बघता पाव हिश्शाहून जास्त बचत! पण अंघोळीचं पाणी शेवटी ४० च्याच आसपास लागतं. ६० च्या १५ लिटरला २० लिटर विसण लागतं, म्हणजे ३५ लिटर पाणी मिळतं. ५० चं विसणासकट २५ लिटरच होतं, म्हणजे गिझर पुन्हा लावायचा. बादलीमागे वीज तेवढीच. मग खरी बचत फक्त भरलेली टाकी नुसती निवत राहते त्यातलीच ना? बीईईचे (ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे) स्टारही त्यावरच ठरतात. आम्ही अंघोळीआधी बटण लावतो आणि झाली की बंद करतो. अशा वापरात १० अंशांनी कितीसा फरक पडणार?

तरी ५० कडे ओढणारी दोन कारणं आहेत. महापालिकेचं पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे वापराला बोअरच. पाणी जितकं जास्त तापतं तितके क्षार जास्त धरतात. मागच्या सर्व्हिसिंगला कॉइलवरून पांढऱ्या खपल्याच निघाल्या. दुसरं कारण मुलगी. ६० च्या पाण्याने पाचेक सेकंदांत कातडी भाजते, ५० ला बऱ्यापैकी वेळ मिळतो. नळाला तिचा हात कधी लागेल सांगता येत नाही.

आणि अडवणारं कारण म्हणजे लीजनेला. हा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो, ६० ला लवकर मरतो. शॉवरच्या बारीक तुषारांतून तो फुफ्फुसात जातो. सासूबाईंना दमा आहे. त्या बादली-तांब्यानेच अंघोळ करतात, पण बाथरूम एकच आणि बाकीचे शॉवर घेतात.

म्हणून विचारते: रोज ५० ठेवून आठवड्यातून एकदा ६० च्या वर नेलं तर चालेल का? की ६० च ठेवून नळाला मिक्सर बसवावा, जो गरम-गार आपोआप जुळवतो? तो जड पाण्यात टिकतो का? इथे कुणी बसवला असेल तर जरूर सांगा.

अजून एक. मार्चपासून आम्ही गिझर लावतच नाही, गच्चीवरच्या टाकीचंच पाणी कढत येतं. ते महिने गिझरमध्ये पाणी नुसतं कोमट पडून राहतं, नेमकं त्या जंतूला मानवेल असं. गिझरची टाकी रिकामी करून ठेवावी का? आणि पावसाळ्यात परत सुरू करताना पहिलं पाणी पूर्ण तापवून सोडून द्यावं का?