चढावर ऑइलचा दिवा लागतोय – चेंबरमध्ये पत्रा मारू की जाळी सरकवू?

मंडळी, इंजिनकामातल्या जाणकारांची मदत हवी आहे. जुनी फोर बाय फोर डिझेल जीप आहे, टर्बो नाही. गगनबावड्याकडं जांभ्याच्या एका कच्च्या वाटेवर खडा चढ लागतो. फोर लोमध्ये (चारी चाकांना जोर, वेग कमी), पहिल्या गिअरला गाडी आरामात चढते. पण मध्येच दगड आडवा आला आणि नाक वर करून थांबावं लागलं, की ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि व्हॉल्व्हचे टॅपेट वाजायला लागतात. सपाटीला आलं की सगळं गप्प. ऑइल १५डब्ल्यू४०, सपाट जागी मोजलेलं, डिपस्टिकच्या वरच्या खुणेला बरोबर.

चेंबर, म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं, उतरवून बघितला. खोल भाग पुढं, मागं उथळ, आणि पंप जिच्यातून तेल ओढतो ती जाळी पार पुढच्या भिंतीजवळ. चढावर तेल मागं पळतं, जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो, हे उघड आहे. दिवा लागेपर्यंत प्रेशर जवळजवळ गेलेलंच असतं, त्यामुळं त्याच्यावर भिस्त ठेवायची नाही. वडिलांनी जिवापाड सांभाळलेलं इंजिन आहे, क्रँक (मुख्य फिरता दांडा) अजून मूळ मापात आहे. ते माझ्या हातून जाऊ नये.

लिटरभर जादा ओत, असं एकानं सुचवलं. मला ते पटत नाही. क्रँक तेलात आपटला की फेस होतो, आणि बेअरिंगला फेस पोचून काय उपयोग? शिवाय ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणारी नळी) तेल हवेच्या इनटेकला गेलं तर तेच जाळत डिझेल इंजिन चावी काढली तरी थांबत नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याचं काम होईल. खोल भागाच्या मागं उभा पत्रा मारून त्याला पुढच्या बाजूलाच उघडणारी झडप ठेवावी, का जाळीची नळी मागं घ्यावी? कुणी केलंय का?

प्रतिसाद

दादा, आधी काट्याचं प्रेशर गेज लावा. इंजिन गरम असताना चढावर दिवा लागला की अगदी क्षणभर रेस देऊन बघा. काटा वर गेला तर बेअरिंग नाहीतर पंप झिजलाय, चेंबर उगाच कापू नका. काटा थरथरत खालीच राहिला तर हवा ओढतोय.

झडपेचा पत्रा ब्रेकला, वळणाला, गचक्याला कामाचा. तुमची गाडी चढावर उभी राहते. वरून परत येणारं तेल मागं पडणार, ते चढ चढून झडपेतून पुढं कसं येणार? म्हणून जाळीच सरकवा, खोल भागाच्या मधोमध किंवा जरा मागं. उताराला तेल त्याच भागात गोळा होतं, तिकडची काळजी कमी. तळापासूनचं अंतर मूळचंच ठेवा. नळीला क्लँप हवाच, नाहीतर थरथरून तुटते, आणि जोड हवाबंद नसेल तर सपाटीलाही हवा ओढेल. वेल्डिंग करताना चेंबर जाड प्लेटला बोल्टनं आवळा. कड वाकली की पॅकिंग कितीही बदला, गळणारच. वेल्डिंगचे कण शेवटच्या दाण्यापर्यंत काढा.

तोवर वाट आधी पायी बघून घ्या, थांबावं लागेल तो दगड आधीच हलवा. गेजची ती चाचणी सोडली तर एरवी दिवा लागलाच की रेस न देता फोर लोच्या रिव्हर्सला लगेच खाली या.