चुका करणारे पॉलिमरेझ पेशी का बाळगते?

प्रश्न (फोंडा, एम.एस्सी. प्रथम वर्ष)
मे महिन्यात मिरामारच्या वाळूवर दुपारी उघड्या अंगाने बसले, की अतिनील किरणांमुळे त्वचेतील डीएनएमध्ये शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी, म्हणजे बेसपैकी, एक) एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची प्रत काढणारे नेहमीचे विकर, म्हणजे पॉलिमरेझ, तिथे अडते, इथवर मला समजले. पुढची वाट पॉलिमरेझ ईटा काढते. पण ते चुका करते, असे आम्हाला शिकवले आहे. मग ज्यांच्याकडे ते नाही, त्यांना त्वचेचा कर्करोग कमी होण्याऐवजी अधिक का होतो?

उत्तर (ताळगाव)
आपला प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. नेहमीच्या पॉलिमरेझच्या खोबणीत एका वेळी एकच बेस मावतो, तर ईटाची खोबणी इतकी ऐसपैस असते की चिकटलेले दोन्ही थायमिन तिच्यात एकदमच बसतात आणि समोर थायमिनचे जोडीदार असलेले दोन अ‍ॅडेनिन, म्हणजे योग्य तेच बेस, लागतात. धड डीएनएवर मात्र हीच सैल खोबणी घात करते: मुद्रितशोधनाची, म्हणजे चुकीचा बेस लगेच काढून टाकण्याची, सोय नसल्यामुळे तिथे साधारण शंभर ते हजार बेसमागे एक चूक होते. म्हणून ते थोडेच अंतर चालवून काम पुन्हा नेहमीच्या पॉलिमरेझकडे सोपवले जाते. झीरोडर्मा पिग्मेंटोसम या, उन्हाने त्वचेचा कर्करोग सहज होणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या एका प्रकारात हेच पॉलिमरेझ नसते, हे 1999 मध्ये उघड झाले. त्याच्या गैरहजेरीत या इजेपुढे अधिक चुकणारी दुसरी पॉलिमरेझ पुढे येतात. रुग्णाला कर्करोग होतो तो त्यामुळे.

उत्तर (म्हापसा)
यात एक भर घालतो. चिकटलेल्या जोडीत थायमिनऐवजी सायटोसिन हा बेस असेल, तर त्याचा अमिनो गट लवकर गळून त्याचे थायमिनसारखेच वाचले जाणारे युरॅसिल होते. ईटा त्याच्यासमोर प्रामाणिकपणे अ‍ॅडेनिन ठेवते आणि सायटोसिनच्या जागी कायमचे थायमिन येते. त्वचेच्या कर्करोगात उन्हाची खूण म्हणून ओळखला जातो तो हाच बदल. वाचन बरोबर असते, अक्षरच आधी बदललेले असते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. म्हणजे सेमिनारमध्ये या सर्वच पॉलिमरेझना ‘चुका करणारी’ म्हणणे सोडून द्यावे का?

उत्तर (ताळगाव)
सरसकट सोडू नये. ई. कोलाय जिवाणूतील पॉलिमरेझ पाच खरोखरच चुका पेरते. त्याचे उमूसी हे जनुक बिघडले, तर अतिनील किरणांनी होणारी उत्परिवर्तने (डीएनएच्या अक्षरांतील कायमचे बदल) जवळजवळ थांबतात, आणि जिवाणू मरण्याचे प्रमाण मात्र काहीसे वाढते. ईटा आणि पाच यांची उदाहरणे शेजारी ठेवूनच मांडणी करावी, असे मी सुचवीन.