१९६८ ची फियाट ११०० डिलाईट: ओरिजनल पार्ट कुठं मिळतील?

रंकाळाकर: आजोबांची गाडी आहे. चारही चाकांचे व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) गळतायत, पुढची जाळी गायब. दुकानदार प्रीमियर पद्मिनीचे (याच गाडीचं नंतरचं मॉडेल) पार्ट गळ्यात मारतोय. घेऊ का?

उद्यमनगरवाला: भावा, इंजिनचं बहुतेक सामान पद्मिनीचं चालतं, तेच १०८९ सीसी इंजिन. जाळी मात्र पद्मिनीची वेगळी, ती घेऊ नकोस. व्हील सिलिंडरची जुनी बॉडी अजिबात भंगारात घालू नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरात भोक मोठं (बोअर) करून आत स्टीलची स्लीव्ह, म्हणजे नळी, बसवून घे, बोअर मूळ मापालाच फिनिश करायला सांग. नुसतं होनिंग (आतून घासणं) करून खड्डे राहिले की ते ब्रेक ऑइल अडवणारे नवे रबर कपही लवकर खातात.

जुनी_चाकं: कप मात्र ताज्या बनावटीचेच घ्या. 'जुना ओरिजनल स्टॉक' म्हणून मिळणारं रबर पडून पडून कडक झालेलं असतं; पिस्टन-स्प्रिंग जुन्या स्टॉकची चालेल, रबर नाही. बसवताना ब्रेक ऑइलच लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर कप फुगतो आणि ब्रेक धरून राहतो.

जाळीसाठी मुंबईत कुर्ल्याला नाहीतर चोरबाजारात जावं लागेल. जाताना फोटोवर भागवू नका, गाडीवरच्या भोकांच्या अंतराचा पुठ्ठ्याचा साचा कापून न्या. वाकलेली चालेल, सरळ होते. गंजून पातळ झालेली नको, पॉलिशलाच भोकं पडतात.

उद्यमनगरवाला: आणि चेसिस, इंजिन बदलू नको. ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण मूळ रूपात असेल तरच.